रिमला न पुरणारा टायर चढवू नका: पुण्यातल्या टायरवाल्यांना खुलं पत्र

पुण्यातल्या सगळ्या टायरवाल्यांना, अलॉय विकणाऱ्यांना आणि अलाइनमेंटवाल्यांना नमस्कार,

हे पत्र आरटीओला नाही, पोलिसांनाही नाही, तुम्हाला लिहितोय आणि त्याला कारण आहे. स्ट्रेच टायर, म्हणजे रुंद रिमवर ताणून बसवलेला अरुंद टायर, ही गोष्ट घरी होत नाही. स्टिकर घरी लावता येतं, हॉर्न घरी बदलता येतो, सायलेन्सरसुद्धा पोरं सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाने घेऊन बसून बदलतात, पण नऊ इंची रिमवर १९५ मिलिमीटरचा टायर चढवायला मशीन लागतं, मोठा कॉम्प्रेसर लागतो आणि ते मशीन चालवणारा अनुभवी हात लागतो. तो हात तुमचा आहे. पुण्यात आज जेवढ्या गाड्या असल्या टायरवर फिरताहेत त्यातली प्रत्येक गाडी कुणा ना कुणा टायरवाल्याच्या दुकानातूनच रस्त्यावर आलीय, म्हणजे तुम्ही नाही म्हणालात तर विषय तिथंच संपतो, ना चलन लागेल ना कोर्ट.

आधीच सांगतो, मी मॉडिफिकेशनच्या विरोधातला माणूस नाहीये. मला गाड्या आवडतात, खाली बसलेली गाडी तर फारच आवडते, फेंडर आणि चाकामधली ती मोठी गॅप गेली की साधी हॅचबॅकसुद्धा किती देखणी दिसते हे मला चांगलं कळतं. चांगलं अलॉय, चांगला टायर, नीट केलेलं सस्पेंशन ह्याच्यावर पोरं पगारातून पैसे साठवून खर्च करतात आणि मला त्यांचं कौतुकच वाटतं. म्हणूनच ह्या एका गोष्टीबद्दल जीव तुटतो, कारण बाकी सगळं मनापासून केलेलं असतं आणि गाडी रस्त्याला जिथं टेकते तिथंच खेळ केलेला असतो.

ज्यांच्या दुकानात असलं गिऱ्हाईक अजून आलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्ट्रेच म्हणजे रिम रुंद आणि टायर अरुंद, टायरच्या दोन्ही कडा बाहेर ओढून ओढून रिमच्या कडांपर्यंत न्यायच्या, मग साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, सरळ उभी न राहता आत झुकलेली दिसते आणि रिमची कडा टायरच्याही बाहेर येते. जपानमध्ये आणि जर्मनीत ही फॅशन वाढली, तिथून फोटो आणि व्हिडिओमधून आपल्याकडे आली. आता प्रत्येक टायर साइझला किती रुंदीची रिम चालते हे काही गुपित नाही, टायर कंपनीच्या डेटाबुकात असतं, युरोपात ईटीआरटीओ ह्या टायर-रिमची मापं ठरवणाऱ्या संस्थेचं मॅन्युअल आहे, आपल्याकडे तसंच आयटीटॅकचं आहे. ईटीआरटीओच्या तक्त्यात १९५/५० आर १५ ला, म्हणजे १९५ मिलिमीटर रुंद, साइडवॉलची उंची रुंदीच्या ५० टक्के आणि १५ इंच व्यासाच्या रिमसाठीच्या टायरला, साडेपाच ते सात इंच रुंद रिम चालते. १८५/६५ आर १५ ला पाच ते साडेसहा. २०५/५५ आर १६ ला साडेपाच ते साडेसात. बघा, दीड-दोन इंचांची मोकळीक कंपनीनंच दिलीय, ती काही कमी नाहीये. पण पोरं मागतात काय, तर १९५/५० ला आठ, साडेआठ, नऊ. नऊ इंच म्हणजे २२८ मिलिमीटरच्या वर, आणि टायरवर लिहिलेली रुंदी १९५, तीही दोन्ही बाजूंच्या फुगवट्यासकट मोजलेली. धाकट्या भावाचा शर्ट थोरल्यानं घातल्यासारखं आहे हे, बटणं लागतात, पण हात वर केला की काय होईल ते सांगायला नको.

आणि हा हात वर होण्याचा भाग म्हणजे बीड, टायरची रिमवर बसणारी कडा. तुम्ही रोज बीड बसवता, तो टप टप आवाज ऐकून कडा बसली की नाही हे तुम्हाला न बघता कळतं, त्यामुळं तुम्हाला शिकवायला मी कोण, पण तरी लिहितो कारण गिऱ्हाईकही हे वाचतील. ट्यूबलेस टायर रिमवर कशानं टिकतो? चिकटवलेला नसतो, स्क्रू मारलेले नसतात. कडेत पोलादी तारांचं कडं असतं, ते रिमच्या थोड्याशा उतरत्या बैठकीवर घट्ट बसतं, आतून हवा त्याला बाहेर दाबून धरते, आणि ते आत घसरू नये म्हणून रिमला एक छोटा उंचवटा असतो, बस एवढंच. हे सगळं डिझाइन करताना धरलेलं असतं की साइडवॉल बीडपासून जवळजवळ सरळ वर जाईल, थोडी बाहेरच फुगेल. स्ट्रेचमध्ये साइडवॉल सतत आतल्या बाजूला ओढत असते. म्हणजे हवा बीडला बाहेर दाबतेय आणि टायरचं स्वतःचं अंग त्याला आत ओढतंय, गाडी उभी असतानासुद्धा, चोवीस तास. शिवाय बीड बैठकीवर सपाट न बसता तिरका बसतो, त्याची एक कड दाबली जाते आणि दुसरी उचलल्यासारखी होते. म्हणून ह्या टायरांची हवा हळूहळू कमी होत राहते, आणि ती कमी झाली की बीडला धरून ठेवणारी मुख्य गोष्टच कमी झाली. मग एक जोरात वळण, एक खड्डा, एक फुटपाथची कड, आणि टायर रिमवरून उतरतो. पंक्चरमध्ये हवा हळूहळू जाते, स्टेअरिंग जड लागतं, माणसाला कळायला वेळ मिळतो. बीड सुटला तर हवा एका क्षणात जाते.

ह्याच्यावर पोरांकडे उत्तर तयार असतं, मग हवा जास्त भरू. भरतातही, गाडीच्या दरवाज्यावर जे लिहिलंय त्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यानं बीड थोडा घट्ट राहतो हे खरं, पण टायर मधोमध फुगतो, रस्त्याला टेकणारी जागा कमी होते, मधला पट्टा लवकर घासतो, ब्रेक मारल्यावर गाडी जास्त अंतर घेते आणि पावसात तर विचारूच नका. एक दुखणं झाकायला दुसरं विकत घ्यायचं.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे, ओळखीतल्या एका मुलाच्या गाडीचा पुढचा टायर वारज्याजवळ सर्व्हिस रोडवर वळताना बीडवरून उतरला. स्पीड फार नव्हता, कुणाला लागलं नाही. पुढची कटकट मात्र ऐकण्यासारखी आहे. स्टेपनी कंपनीची, म्हणजे उंच, ती लावली तर चाक फेंडरला घासतंय. रोडसाइडवाला मुलगा छोटा कॉम्प्रेसर घेऊन आला, पण त्या कॉम्प्रेसरनं बीड बसेचना, कारण टायरच्या कडा रिमच्या कडांपासून इतक्या लांब की हवा भरली तेवढी बाहेर. शेवटी गाडी टोइंग करून दुकानात न्यावी लागली. आता हेच रात्री दोनला ताम्हिणी घाटात झालं असतं तर? घरच्यांना घेऊन जाताना? जो टायर रस्त्यावर कुठल्याच साध्या पंक्चरवाल्याला परत बसवता येत नाही तो टायर रोजच्या गाडीला लावायचा कशासाठी?

आपल्या रस्त्यांबद्दल तर वेगळं सांगायला नको, पण ह्या विषयात ते सांगावंच लागतं. खड्डे आहेतच, पण पुण्यात खरा मार बसतो तो ड्रेनेजच्या झाकणांचा, जी रस्त्यापेक्षा खाली गेलेली असतात किंवा वर आलेली असतात, सिमेंटचा रस्ता संपून डांबर सुरू होतं तिथल्या पायरीचा, आणि पट्टे न मारलेल्या स्पीडब्रेकरचा. नॉर्मल टायरची साइडवॉल असल्या ठिकाणी दबते, तो दणका स्वतः घेते आणि परत सरळ होते, तिचं कामच ते आहे. स्ट्रेच टायरची साइडवॉल आधीच ताणलेली असते, तिच्यात दबायला जागाच उरलेली नसते, त्यामुळं दणका सरळ रिमच्या कडेला बसतो जी आता टायरच्या बाहेर उघडी आहे. स्वस्तातलं अलॉय असेल तर तडा जातो, आणि तडा आतल्या बाजूनं असेल तर तो गाडीखाली शिरल्याशिवाय दिसत नाही. बरं हे शहरात झालं. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे येणारा उतार आठवा, तिथं काय काय झालंय हे पुण्यातल्या प्रत्येकाला माहितीय, मागे ब्रेक तापलेले कंटेनर, पुढे अचानक थांबलेली रांग, तिथं एखाद्याला पटकन लेन बदलायची वेळ आली आणि बाहेरच्या बाजूच्या पुढच्या टायरवर सगळा भार आला आणि नेमका तोच बीडवरून सुटला, तर ती गाडी कुणाच्या अंगावर जाईल? तिच्या शेजारी दुचाकीवर नवरा-बायको आणि मध्ये लेकरू असतं. त्या लोकांनी हा लूक निवडलेला नाहीये.

अजून एक गोष्ट, जिच्याकडे तुमच्यातले बरेच चांगले लोकही लक्ष देत नाहीत, ती म्हणजे लोड इंडेक्स. १८५/६५ आर १५ टायरवर सहसा ८८ लिहिलेलं असतं, म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो. त्याच्या जागी १९५/५० आर १५ लावला की तिथं ८२ असतं, म्हणजे ४७५ किलो. एका टायरमागे ८५ किलो गेले, चार टायरचे ३४०. बघायला टायर रुंद वाटतो, १८५ चा १९५ झाला म्हणून गिऱ्हाईक खूश, पण ताकद कमी झालीय. आणि हे आकडे टायर बरोबर रुंदीच्या रिमवर आणि बरोबर हवेवर असताना लागू होतात, ताणून बसवलेल्या टायरला तो आकडा द्यायला कंपनी बांधील नाही. त्यात ह्या बदलानं टायरची उंची साधारण ४५ मिलिमीटरनं घटते म्हणजे गाडी कॉइल, म्हणजे सस्पेंशनची स्प्रिंग, न कापताच २२-२३ मिलिमीटर खाली येते, मग वरून कॉइलही कापलेली असते, मग पाच जण बसून सिंहगडाला जातात.

अलाइनमेंटवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. स्ट्रेचच्या जोडीला जवळजवळ नेहमी निगेटिव्ह कॅम्बर येतो, कारण रुंद रिम फेंडरच्या आत बसवायचं तर चाक वरून आत कलवावं लागतं. मशीनवर प्रिंट काढली की ते आकडे लाल दिसतात, तुम्हालाही दिसतात, तरी फक्त टो, म्हणजे चाकांची समोरची दिशा, सेट करून गाडी सोडून दिली जाते. टायर मग फक्त आतल्या कडेवर चालतो. बाहेरून उभं राहून बघितलं तर नक्षी एकदम नवी दिसते आणि आतल्या कडेला हात फिरवला तर तारा लागतात. मी स्वतः हात फिरवून बघितलाय, बाहेरचा अर्धा टायर दुकानात मांडून ठेवण्यासारखा आणि आतला अर्धा गुळगुळीत. कायद्यानं कारच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९४ नंबरचा नियम आहे. आतली कड त्याच्या खाली गेली की तो टायर बाद, बाहेरून कितीही चकाचक दिसो. तुम्ही गाडी लिफ्टवर घेता, तुम्हाला ते समोर दिसतं, निदान गिऱ्हाईकाला हाताला धरून गाडीखाली नेऊन दाखवा.

आता बसवण्याच्या पद्धतीबद्दल, आणि इथं मी थोडा रागानंच लिहिणार आहे. रिम जास्त रुंद असेल तर नेहमीच्या हवेनं बीड बसत नाही, मग काही ठिकाणी आत ज्वलनशील स्प्रे मारून काडी लावतात, धडाम आवाज होतो, टायर बसतो, समोरची पोरं व्हिडिओ काढतात आणि टाळ्या पडतात. हे बंद करा हो. बऱ्याच टायरच्या साइडवॉलवरच छापलेलं असतं की बीड बसवताना ४० पीएसआयच्या वर जाऊ नका, आणि ते उगाच छापलेलं नाही, बीडची तार त्यापुढे तुटू शकते आणि तुटली तर टायर रिमसकट उडतो. स्फोटानं बसवताना आत किती दाब झाला हे मोजायला कुठलाच काटा नसतो. आतला रबराचा थर भाजतो ते बाहेरून दिसत नाही, न जळलेली वाफ आत राहिली तर तो टायर पुढच्या वेळी उघडणाऱ्याला धोका. आणि त्या स्फोटासमोर मालक उभा नसतो, तुमच्याकडे कामाला असलेला अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा उभा असतो, गावाकडून आलेला, गॉगल नाही, ग्लोव्हज नाहीत. त्याच्या बोटांची किंमत एका फिटिंगच्या पैशात निघत नाही.

कायद्याचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात आणि प्रत्येक जण आपल्याला सोयीचं उत्तर सांगतो. स्ट्रेच टायर हा शब्द शोधायला गेलात तर मोटार वाहन कायद्यात सापडणार नाही, म्हणून काही जण बिनधास्त सांगतात की लीगल आहे. तसं नाहीये. १९८८ च्या कायद्याचं ५२ वं कलम आहे, कंपनीनं मूळ दिलेल्या तपशिलाशी आरसी बुकातला तपशील जुळणार नाही असा बदल मालकानं करायचा नाही. त्याच कलमात खाली बदल म्हणजे काय ते सांगताना गाडीच्या रचनेतला, तिचं मूळ स्वरूप बदलणारा फेरफार असं म्हटलंय, आणि त्याच्यावरच वाद घालतात की टायर म्हणजे कुठं रचना आली. पण २०१९ च्या जानेवारीत केरळच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल करता येणार नाही असं सांगितल्यावर तो वाद फार ताणण्यात अर्थ राहिला नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं १८२-ए हे कलम आलं, परवानगी नसलेला बदल, बाहेरून पार्ट बसवून केलेला असला तरी, तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही. त्याशिवाय असुरक्षित अवस्थेतली गाडी रस्त्यावर चालवण्याचं १९० वं कलम आहेच.

हे झालं मालकाचं. तुम्हाला वाटेल आपण ह्यातून मोकळे, गिऱ्हाईकानं मागितलं, आपण बसवलं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा एकदा वाचा किंवा तुमच्या सीएकडून, वकिलाकडून समजून घ्या. त्यात सेवा देणाऱ्याची जबाबदारी ८५ व्या कलमात वेगळी लिहिलीय, सदोष सेवा दिली, माहिती लपवली, धोक्याची पुरेशी सूचना दिली नाही आणि त्यामुळं इजा झाली तर सेवा देणारा जबाबदार. बिलावर खाली बारीक अक्षरात ‘ॲट ओनर्स रिस्क’ छापलं की सुटलो असं धरून चालू नका. आणि इन्शुरन्सचं गिऱ्हाईकाला आधीच सांगत चला, बदल कंपनीला कळवलेला नसेल आणि सर्व्हेअरनं फोटोत तक्त्याबाहेरचा टायर बघितला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या क्लेमवर वाद होणारच.

बाहेरच्या देशात चालतं मग आपल्याकडे का नाही, हे तर ठरलेलं वाक्य आहे. जर्मनीत रिम-टायर बदलला तर टीयूव्हीसारख्या संस्थेकडून तपासून कागदावर नोंदवून घ्यावं लागतं, आणि जोडी नेहमीच्या तक्त्याबाहेरची असेल तर त्या टायर कंपनीचं लेखी मान्यतापत्र दाखवावं लागतं. म्हणजे तिथं थोडा स्ट्रेच चालतो तो कंपनीनं त्या विशिष्ट टायरची त्या विशिष्ट रिमवर जबाबदारी घेतल्यावर. ब्रिटनमध्ये स्ट्रेचवर नाव घेऊन बंदी नाही, पण १९८६ च्या नियमांप्रमाणे ज्या वापरासाठी गाडी चालतेय त्याला अयोग्य टायर लावून ती रस्त्यावर आणता येत नाही, शिवाय खाजगी गाड्यांची पहिली काही वर्षं सोडली तर दरवर्षी एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का ह्याची टेस्ट होते. आपल्याकडे खाजगी कारची पहिली पंधरा वर्षं कुणी चाकाकडे बघतच नाही. पीयूसीवाला नळी धुराड्यात घालतो आणि कागद देतो, तो टायर बघायला बांधील नाही. म्हणूनच सगळा भार तुमच्यावर येतो, कारण पंधरा वर्षांत त्या चाकाला हात लावणारा जाणकार माणूस तुम्ही एकटेच असता.

गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ही तुमची अडचण मला मान्य आहे, खोटी नाहीये. नाना पेठेत एकानं नाही म्हटलं तर दोन दुकानं सोडून तिसरा हो म्हणतो, त्यात ऑनलाइन टायर घेऊन येणारं गिऱ्हाईक फक्त फिटिंगचे पैसे देतं, त्यालाही नाही म्हटलं तर धंदा कशावर करायचा. पण ह्या पोरांना नेमकं काय हवंय ते एकदा बघा. त्यांना हवी असते बसलेली गाडी, फेंडरच्या रेषेत आलेलं चाक, फुगलेला न दिसणारा टायर. हे तक्त्याच्या आत राहून होतं की! १९५/५० आर १५ सात इंची रिमवर बसवा, साइडवॉल जवळजवळ सरळ उभी राहते, स्टेअरिंगला गाडी जास्त चटकन उत्तर देते आणि कंपनीच्याच मर्यादेत आहे. २०५/५५ आर १६ साडेसातवर तसंच. ऑफसेट, म्हणजे रिम किती आत किंवा बाहेर बसतं तो आकडा, बरोबर निवडला तर चाक फेंडरच्या रेषेत येतं आणि बाहेर डोकावून मागच्या ॲक्टिवावाल्याच्या तोंडावर खडीही उडवत नाही. हे समजावून सांगणारा टायरवाला मिळाला तर पोरगा त्यालाच धरून राहतो, पुढची दहा वर्षं. नऊ इंची रिम विकून जे मिळतं त्यापेक्षा हे गिऱ्हाईक टिकाऊ आहे असं मला मनापासून वाटतं.

तर माझी मागणी अशी. दुकानात जिथं रेटकार्ड लावलंय त्याच्या शेजारी तुम्ही विकता त्या साइझचा रिम रुंदीचा तक्ता मराठीत लावा, मोठ्या अक्षरात. कुठलाही टायर चढवायच्या आधी रिमच्या आत कोरलेला रुंदीचा आकडा वाचा, नसेल तर मोजा. तक्त्याबाहेर असेल तर चढवू नका, कितीही ओळखीचा असला तरी. लोड इंडेक्स कंपनीच्या टायरपेक्षा कमी असेल तर नको. गिऱ्हाईकानं कुठून तरी आणलेला जुना टायर असेल तर साइडवॉलवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बघा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, असला कडक झालेला रबर तर अजिबात ताणू नका. आणि बिलावर टायरची साइझ, रिमची रुंदी आणि भरलेली हवा हे तिन्ही लिहा. बिलावर लिहावं लागतंय म्हटल्यावर चुकीची जोडी बसवायला कुणाचाही हात कचरेल, हा माझा अंदाज नाही, खात्री आहे.

आरटीओतले साहेब हे वाचत असतील तर त्यांनाही थोडं सांगतो. सायलेन्सरवर तुम्ही आणि पोलीस कारवाई करता, जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरतो, काळ्या काचांवर कारवाई होते, चांगलंच आहे, आवाजानं म्हातारी माणसं आणि लहान मुलं हैराण होतात. पण सायलेन्सर ऐकू येतो आणि काच दिसते म्हणून कारवाई होते, टायरकडे वाकून बघावं लागतं म्हणून होत नाही, असं नको. समृद्धीवर परिवहन विभागानं २०२३ मध्ये घासलेले टायर असलेल्या गाड्या अडवायला सुरुवात केली, म्हणजे टायर बघून गाडी थांबवता येते हे सिद्ध झालंय. तेच एक्सप्रेसवेला चढायच्या आधी आणि बायपासवर करा, फक्त नक्षी बघून सोडू नका, आतली कड आणि रिमची रुंदी पण बघा. आणि कृपा करून सगळ्या मॉडिफाय गाड्यांना एकाच मापानं मोजू नका, ज्यानं तक्त्याच्या आत राहून चांगला टायर लावलाय त्याला आणि नऊ इंचीवर १९५ ताणणाऱ्याला सारखंच चलन दिलं तर पहिला पण उद्या म्हणेल, दंड तसाही आहे तर मग ताणतोच. ह्या शहरात आणि आजूबाजूला बघा, वेताळ टेकडीवर गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय आहे, भोसरीला रस्ते वाहतुकीवर काम करणारी सीआयआरटी आहे, चाकणला ब्रिजस्टोनचा टायरचा कारखाना आहे. टायरबद्दल देशात ज्यांना सगळ्यात जास्त कळतं त्यातली कितीतरी माणसं रोज आपल्याच ट्रॅफिकमध्ये अडकलेली असतात. त्यांच्यापैकी कुणाला तरी बोलावून टायरवाल्यांसाठी एक दिवसाचं शिबिर घ्यायला फार मोठं बजेट लागणार नाही, एक हॉल, एक टायर चेंजर आणि दोन रिम पुरतील.

पोरांनो, तुम्हीही वाचत असाल. तुम्हाला कुणी नाही म्हटलं तर चिडू नका, त्या दुकानाचा नंबर सेव्ह करून ठेवा.

दुकानदारांनो, नेहमीच्या हॅचबॅक, सेडान आणि छोट्या एसयूव्हीच्या साइझचा एक पानी तक्ता मी मराठीत तयार करतोय, प्रत्येक आकडा टायर कंपन्यांच्या डेटाबुकावरून पडताळून, पुढच्या बाजूला चौदा, पंधरा आणि सोळा इंची, मागच्या बाजूला सतरा आणि अठरा. प्रिंट आणि लॅमिनेशनचा खर्च माझा. सुरुवात नाना पेठेपासून करणार आहे, मग सिंहगड रोड, मग पिंपरी-चिंचवड. दुकानात आलो तर पाच मिनिटं द्या, आणि तक्त्यातला एखादा आकडा तुमच्याकडच्या कंपनीच्या पुस्तकाशी जुळत नसेल तर तिथल्या तिथं पेननं दुरुस्त करून मला दाखवा, पुढच्या प्रिंटमध्ये बदलून देतो.

तुमचाच एक गिऱ्हाईक,
वारजे, पुणे